आधी उतरा, मग भोगा

गडाचं एक बरं असतं, आधी जीव काढून चढायचं आणि मग येताना गप्पा मारत उतरायचं. गुजरातेत पाटणची राणी की वाव, ही पायऱ्यापायऱ्यांनी उतरायची विहीर, म्हणजे बरोब्बर उलटा हिशोब. याला उलटं देऊळ म्हणतात म्हणे, मी तर उलटा गड म्हणेन. आपण ताजेतवाने, मजेत उतरत जातो, दोन्ही बाजूंना मूर्तीच मूर्ती, दशावतार, अप्सरा, एकीचा तर पाय वर उचललेला, तळव्याच्या रेषा न्याहाळावं इतका जवळ, आणि या नादात आपण किती खाली आलोय ते गुडघ्यांना कळलेलंच नसतं. विहीर 27 मीटर खोल आहे. अगदी तळापर्यंत जाऊ देत नाहीत हे उपकारच.

अकराव्या शतकात राणी उदयमतीने नवरा भीमदेव गेल्यावर त्याच्या आठवणीसाठी ही बांधली. मी अपेक्षेने बायकोकडे बघितलं. "तू आधी धड वर तर पोच," ती म्हणाली. पुढे सरस्वतीच्या पुराने अख्खी वाव गाळात गेली, शेकडो वर्षं तशीच, 1980च्या दशकात पुरातत्त्ववाल्यांनी उपसली तर मूर्ती बऱ्याचशा शाबूत. गाळात जाऊन एवढं कुणाचं भलं झालेलं मी तरी पाहिलं नाही.

पण खरा छळ निराळाच. 2018च्या जांभळ्या शंभरच्या नोटेवर हीच वाव आहे, त्यामुळे इथे आलेला प्रत्येक माणूस नोट हातात धरून, एक डोळा मिटून, मागच्या खऱ्या वावेशी जुळवत फोटो काढतो. आणि हल्ली रोकड असते कुणाकडे? आत्याने बटव्यातून मोठ्या मानाने शंभरची काढली तर ती जुनी निळी, तिच्यावर कांचनजंगा. मेव्हणा म्हणाला चालतंय की, फोटोत कोण बघतंय. शेवटी एका अनोळखी काकांची नोट मिळाली, पण ती मागायला आमच्यामागे आणखी लोक उभे, आणि काका बिचारे आपल्याच नोटेच्या मागे मागे पायऱ्या वरखाली करतायत. मेव्हण्याला दया आली, त्याने काकांना गूगल पे केलं आणि नोट विकतच घेतली.

मग चढण. आत्या दर टप्प्याला थांबून "वा, काय कोरीवकाम" म्हणत होती, तेही भिंतीकडे पाठ करून. वर आलो तेव्हा घशाला कोरड, एवढ्या मोठ्या विहिरीतून येऊन पाणी विकत घ्यायची वेळ, मेव्हण्याने ऐटीत तीच जांभळी नोट पुढे केली.

"छुट्टा नथी, ऑनलाइन करी दो ने," पाणीवाला म्हणाला.