गोडाऊनमध्ये एलईडीवर टोमॅटो? आधी लाईट बिल काढा

शेतीच्या ग्रुपवर सध्या तो व्हिडिओ फिरतोय, रात्री झगमगणारी ड्रॅगन फ्रूटची बाग आणि खाली मजकूर, 'आता उन्हाची गरज नाही, एलईडी लावा, बंद गोडाऊनमध्ये टोमॅटो-द्राक्ष घ्या, वीज नाममात्र, रोग शून्य, नासा पण हेच करतं'. आपल्या नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडची जाणती मंडळी पण पुढे ढकलतायत म्हणून लिहितोय.

अहो ती बाग उघड्यावर आहे, दिवसभर ऊनच खाते! ड्रॅगन फ्रूट मोठ्या दिवसांत फुलतं, हिवाळ्यात रात्र लांबली की फुलं थांबतात, म्हणून रात्री काही तास दिवे लावून झाडाला फसवायचं की रात्र छोटीच आहे. व्हिएतनामला बिन्ह थुआनमध्ये हे कधीपासून चालतं. आपल्याकडे शेवंतीवाले पण दिवे लावतात, फक्त तिथे उलटं, फुलोरा उशिरा यावा म्हणून. त्याला मंद उजेड पुरतो कारण झाडाला नुसता इशारा द्यायचाय, त्या उजेडावर फळ पोसत नाही.

आता 'वीज नाममात्र'. टोमॅटोला नीट माल धरायला जेवढा उजेड लागतो तो पूर्ण एलईडीने द्यायचा तर चांगल्यातला चांगला लाईट घेऊन पण चौरस मीटरला दिवसाला अडीच युनिट जातात, म्हणजे गुंठ्याला २५०. चार महिने धरा, ३०,००० युनिट. सहा रुपयांनी झाले १ लाख ८० हजार, आणि गुंठ्यात दोन टन माल निघाला असं मोठ्या मनाने धरलं तरी किलोमागे ९० रुपये, वीस किलोच्या क्रेटला १८०० रुपये नुसत्या उजेडाचे. पिंपळगावच्या टोमॅटो बाजारात भाव पडला की क्रेट रस्त्यावर ओतायची वेळ येते, तिथे हे गणित कोणाला सांगता? वर बंद खोलीत ती सगळी वीज शेवटी उष्णताच होते, एप्रिलमध्ये एसीचं बिल वेगळं.

नासाचं खरं आहे, २०१५ साली अंतराळवीरांनी अंतराळ स्थानकावर एलईडीखाली वाढवलेलं लेट्यूस (सॅलडची पालेभाजी) खाल्लं. पण तिथे भाजीचा भाव कोण विचारतो?

रोग शून्य तर अजिबात नाही. भुरीला, म्हणजे पानावर पांढरी पावडर धरणाऱ्या बुरशीला, कोंदट सावलीच आवडते, द्राक्षवाल्याला हे मी काय सांगायचं. आणि आत वारा नाही, भुंगे नाहीत, त्यामुळे टोमॅटोचा फुलोरा हलवून द्यावा लागतो नाहीतर परागच झडत नाही, फूल गळून पडतं.

हां, मायक्रोग्रीन (कोवळेपणीच कापायची भाजीची रोपं), लेट्यूस, टिश्यू कल्चरची म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं, इथे एलईडी चालतो. लेट्यूसला टोमॅटोच्या निम्मा उजेड पुरतो, महिना-सव्वा महिन्यात अख्खं झाडच विकायचं असतं, फळाची वाट बघायची नाही. नाशिकला गंगापूर रोडच्या एखाद्या हॉटेलने रोजचा माल ठरवून घेतला तर एका खोलीत रॅक लावून बघायला हरकत नाही, पण गिऱ्हाईक आधी, लाईट नंतर.