दोन किलो शाळू

"दोन किलो शाळवासाठी गिरण धुवायची? मग आमचा गहू काय सोवळ्यात दळायचा?"

आज सकाळी सव्वासातला, कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका गिरणीत, सात डब्यांच्या रांगेसमोर आबांनी मला हे ऐकवलं. रांग हसली. गिरणीवाला हसला. मीही हसलो, कारण दळण अजून व्हायचं होतं. आता दुपार झाली तरी जळजळतंय.

मामला असा. लेकीला सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे गहू, जव, राय यांतलं ग्लूटेन तिला बाधतं; ही तिन्ही जन्मभर बंद. वडिलांना मधुमेह. गव्हाची जागा भातानं भरावी तर वडिलांची साखर चढते, साबुदाण्यानं भरावी तर आणखी चढते. दोघांना एका पंगतीत बसवायचं तर शेवटी शाळवाची, म्हणजे रब्बीच्या ज्वारीची, भाकरी उरते. शाळवाचं पीठ मात्र आठ-दहा दिवसांत विरी जातं. कणकेला धरून ठेवणारं ग्लूटेन त्यात नसतंच, म्हणून उकळत्या पाण्यात मळायचं. त्यात पीठ शिळं असेल तर भाकरी थापता थापता कडेनं चिरते आणि तव्यावर टाकताना हातात नकाशा येतो. महिन्याचं दळण एकदम करून ठेवता येत नाही. किलोला बारा-तेरा भाकऱ्या, आठवड्याला दोन किलो, आणि दर बुधवारी गिरण.

गिरणीत आपल्या आधी कुणाचा तरी गहू गेलेला असतोच. दगडाला टाकी लावलेली असते, त्या खाचांत कणीक बसते; पीठ पडतं त्या तोंडाला बांधलेल्या फडक्यात बसते; हवेत उडते ती वेगळीच. म्हणून मी घरून धुतलेलं फडकं नेतो, आधी किलोभर तांदळाची कणी दळून घेतो, ते पीठ बाजूला काढतो आणि मग शाळू सोडतो. हीही खात्रीची रीत नव्हे, नुसती तडजोड आहे. खरं उत्तर घरघंटी. ती पंधरा-वीस हजारांच्या घरात जाते आणि दिवाळीपर्यंत जमेल असं गेल्या दिवाळीपासून चाललंय.

"किती गव्हानं बाधतंय म्हणतासा?" आबांनी विचारलं.

"ग्लूटेन-फ्री म्हणायचं तर किलोला २० मिलीग्रॅमच्या वर ग्लूटेन नको, असा सरकारी नियम आहे. म्हणजे किलोत पाव ग्रॅम कणीक गेली की संपलं."

"पाव किलो?"

"पाव ग्रॅम."

आबांनी रांगेवरून नजर फिरवली. "मग सोनाराकडं जावा की. हितं माणसं डब्यानं दळत्यात."

रांग पुन्हा हसली. मागच्या एका वहिनींनी तर डबा खाली ठेवून हसून घेतलं.

"आमच्या टायमाला ह्यो रोग न्हवता," आबा.

"होता आबा, नाव माहीत नव्हतं. पोर वाढत नाही, पोट फुगतं, जुलाब थांबत नाहीत, तर नजर लागली म्हणायचे." आणि मग माझ्यातला मास्तर जागा झाला, जो सव्वासातला कधीच जागा होऊ नये. मी त्यांना हॉलंडचा दाखला दिला. तिथल्या विलेम डिके नावाच्या डॉक्टरांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळं पाव मिळेनासा झाला, माणसं उपाशी मरायला लागली, आणि ह्या आजाराची पोरं मात्र सुधारली.

आबांनी क्षणभर विचार केला. "म्हंजे दुष्काळ पडला की पोरं बरी हुत्यात म्हणा की."

यावर उत्तर नाही. मी घरी येईपर्यंत शोधलं, सापडलं नाही.

खरं तर हे सगळं मी त्यांना मागच्या बुधवारीही सांगितलं होतं. त्याच्या आधीच्या बुधवारीसुद्धा. पण रांग दर वेळी नवी असते आणि आबांना प्रेक्षक लागतात.

लोक म्हणतात, तयार पाकीट आणा. आणलं होतं. साध्या कणकेच्या तिप्पट-चौपट किंमत, आणि मागं वाचलं तर तांदळाचं पीठ, मक्याचा स्टार्च आणि चिकटपणाला झँथन गम. म्हणजे भारी पिशवीतला भातच, वडील पुन्हा बाहेर. त्यापेक्षा आम्ही घरातून गहूच काढला. दोन स्वयंपाक करायचे तर दोन चाळण्या, दोन पोळपाट, दोन लाटणी लागतात. चाळणीच्या जाळीतून आणि लाकडाच्या चिरांतून पीठ काही केल्या निघत नाही. लोखंडी तवा तेवढा घासून वाचला.

गहू काढला म्हणजे गेला असं नाही. तो हिंगाच्या डबीत दबा धरून बसतो. बाजारातला हिंग बहुतेक बांधानी, म्हणजे हिंगाचा रस थोडा आणि डिंक-मैदाच जास्त. तांदळाच्या पिठातला मिळतो, पण लक्ष्मीपुरीत उभं राहून चार डब्यांची बारीक अक्षरं वाचावी लागतात आणि दुकानदार आपल्याकडं अन्न-भेसळ खात्याचा माणूस असल्यासारखा बघतो. आणि वर्षाची कांदा-लसूण चटणी! पाच किलो चटणीत कांडपाला चुकीचा हिंग पडला की बारा महिन्यांचा साठा लेकीच्या ताटातून बाद. मेतकुटात गहू, थालीपिठाच्या भाजणीत बहुधा गहू, दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीत जव, सोया सॉसमध्येसुद्धा गहू. मिसळीचा कट एक वेळ चालेल, पण तिथंही फोडणीला हिंग कुठला ते विचारावं लागतं. गर्दीच्या वेळी मिसळवाल्याला हिंगाचं कूळ विचारून बघा एकदा.

त्यातल्या त्यात आधार उपवासाच्या फळीचा. भगर, राजगिरा, शिंगाडा. आषाढी, श्रावण, नवरात्र जवळ आलं की भाव चढतात, म्हणून महिनाभर आधी भरायचं. भगरीचं सुटं पीठ मात्र घ्यायचं नाही. ओल लागून बुरशी धरते आणि त्यातून विषबाधा होते. अख्खी, बंद पाकिटातली आणायची आणि निवडून, धुऊन घ्यायची. बिस्किटांच्या जागी राजगिऱ्याचे लाडू. दुकानदार मला फार धार्मिक समजतो. तांदूळ तीन प्रकारचा: रोजचा साधा, सणाला आजऱ्याचा घनसाळ, आणि गिरणीच्या तोंडात घालायला कणी. ही कणी महिन्याला चार किलो, वर तिच्या दळणाचे पैसे. म्हणजे दुसऱ्याचा गहू पुसायचा खर्च माझ्या खिशातून. हे मला दर महिन्याला वहीत लिहिताना टोचतं, आणि ह्यावर कुणी हसत नाही.

असो. माझा नंबर आला. गिरणीवाल्यानं उपकार केल्यासारखी कणी सोडली, पीठ पडलं, मी ते वेगळ्या पिशवीत भरलं. आणि आबांनी, दर बुधवारप्रमाणे, खिशातून घडी घातलेली आपली पिशवी काढून पुढं केली. त्यांच्या घरी म्हैस आहे. पहिल्या बुधवारी ते पीठ मी टाकायला निघालो तेव्हा "अन्न टाकतासा व्हय?" म्हणून त्यांनी मला अशाच रांगेसमोर झापलं होतं. तेव्हापासून ते पीठ त्यांचं.

मी गुपचूप पिशवी रिकामी केली. आबांनी चिमूटभर पीठ बोटांत चोळून बघितलं, नाक मुरडलं.

"पुढल्या बुधवारी घनसाळ आणा की जरा," ते म्हणाले. "कणी मानवंना झालीया तिला."