‘हरलेल्या नेत्याचा राजीनामा मागणारा गद्दार’ : या मेसेजला मुद्देसूद उत्तर

यवतमाळ-वर्धा पट्ट्यातल्या आमच्या ग्रुपांवर निकालाच्या दुसऱ्या दिवशी एक लांबलचक मेसेज हमखास येतो. २०२४ च्या जूनमध्ये तो एका बाजूच्या कार्यकर्त्यांत फिरत होता, नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या बाजूच्या. नेत्याचं नाव आणि झेंडा तेवढा बदलतो. मजकूर थोडक्यात असा : इंदिराजींनी ७७ ला राजीनामा दिला नाही म्हणून ८० ला त्या परत आल्या. पानिपतानंतरही मराठे उठले. नेता गेला की पक्ष फुटतो. हार परिस्थितीमुळे झाली, त्यात नेत्याचा दोष नाही. हरल्यावर राजीनामा ही इंग्रजांची पद्धत, आपली नाही. आणि पर्याय कोण आहे ते आधी सांगा. शेवटची ओळ : राजीनामा मागणारा तो पक्षाचा गद्दार.

मी कोणत्या पक्षाचं काम करतो ते इथे लिहीत नाही, कारण हे उत्तर दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांसाठी आहे. मतदानाच्या दिवशी सकाळी मॉक पोलला (मशीन तपासायच्या चाचणी मतदानाला) हजर राहायचं आणि संध्याकाळी केंद्राध्यक्षांच्या सहीचा १७-सी चा, म्हणजे बूथवर पडलेल्या मतांच्या हिशेबाचा, कागद घेऊनच उठायचं, हे काम करणाऱ्यांपैकी मी एक आहे. या मेसेजने सगळ्यात जास्त नुकसान आमचंच होतं, म्हणून प्रत्येक मुद्द्याला उत्तर देतो.

पहिला मुद्दा इंदिराजींचा. तो सगळ्यांना पटतो आणि तोच सगळ्यात चुकीचा आहे. मार्च १९७७ मध्ये काँग्रेस १५४ जागांवर आली, इंदिराजी स्वतः रायबरेलीत राजनारायण यांच्याकडून हरल्या आणि २२ मार्चला त्यांनी पंतप्रधानपदाचा राजीनामा दिला. पक्षाध्यक्षपदाचं म्हणाल तर ते त्यांच्याकडे नव्हतंच. अध्यक्ष होते देवकांत बरुआ. पराभवानंतर बरुआंना जावं लागलं आणि मे महिन्यात ब्रह्मानंद रेड्डी अध्यक्ष झाले. म्हणजे ज्या निवडणुकीचा दाखला ‘अध्यक्षाने राजीनामा देऊ नये’ म्हणून दिला जातो, त्याच निवडणुकीनंतर अध्यक्ष बदलला होता.

पुढचं तर आपल्या विदर्भातल्या जुन्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. इंदिराजी खुर्ची धरून बसल्या नाहीत. १९७७ च्या पावसाळ्यात त्या पवनारला विनोबांच्या आश्रमात येऊन गेल्या. जानेवारी १९७८ मध्ये त्यांनी वेगळी काँग्रेस काढली. गाय-वासरू गेलं, पंजा आला. नवं चिन्ह, हाताशी ना सत्ता ना जुन्या पक्षाचं घर, आणि महिना-दीड महिन्यात महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक. त्या निवडणुकीत जनता पक्षाला ९९, रेड्डी काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. त्या ६२ मध्ये मोठा वाटा विदर्भाचा होता. भंडाऱ्याचे नासिकराव तिरपुडे त्या बळावर वसंतदादांच्या सरकारात उपमुख्यमंत्री झाले. १९८० च्या ३५३ जागा या सगळ्यानंतरच्या. इंदिराजींचं उदाहरण द्यायचंच असेल तर पुरतं द्या. सगळं गमावून, लोकांत जाऊन, नव्याने कौल मागून त्या परत आल्या. ‘हरलो तरी मीच’ एवढं म्हणून त्यांना काही परत मिळालं नाही.

पानिपताचा मुद्दा तर लिहिणाऱ्यावरच उलटतो. १४ जानेवारी १७६१ ला सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव रणावर पडले. त्या धक्क्याने खचलेले नानासाहेब पेशवे जूनमध्ये गेले. सोळा वर्षांच्या माधवरावांकडे पेशवाई आली, आणि १७७१ मध्ये मराठी फौजा पुन्हा दिल्लीत पोचल्या त्या माधवरावांच्या कारकिर्दीत, महादजी शिंद्यांसारख्यांच्या जोरावर. मराठे उठले हे शंभर टक्के खरं. पण उठले तेव्हा नेतृत्व नवं होतं.

‘नेता गेला की पक्ष फुटतो.’ मे २००४ मध्ये भाजपच्या हातून केंद्रातली सत्ता गेली, ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रातही हार झाली आणि त्याच महिन्यात अध्यक्ष व्यंकय्या नायडू पायउतार झाले. कारण त्यांनी घरच्या आजारपणाचं दिलं, पण खुर्ची रिकामी झाली हे खरं. नंतर अडवाणी आले, मग राजनाथ सिंह. २००९ ला पुन्हा हार झाली आणि डिसेंबरमध्ये आपल्या नागपूरचे नितीन गडकरी अध्यक्ष झाले. २०१३ ला पुन्हा राजनाथ. एवढे अध्यक्ष बदलूनही पक्ष फुटला नाही, २०१४ ला त्याच पक्षाला लोकसभेत २८२ जागा मिळाल्या. याच्या उलट महाराष्ट्रात डोळ्यांदेखत फुटले ते पक्ष बघा. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा तिचे पक्षप्रमुख मुख्यमंत्री होते, कुठल्या निवडणुकीत हरून राजीनामा दिलेला नव्हता. राष्ट्रवादीत शरद पवारांनी २ मे २०२३ ला अध्यक्षपद सोडत असल्याचं जाहीर केलं, कार्यकर्त्यांच्या आग्रहाखातर ५ मे ला निर्णय मागे घेतला, आणि २ जुलैला पक्ष फुटलाच. पद सोडल्याने पक्ष फुटतो आणि धरून ठेवल्याने टिकतो, असं यातून कुठेच दिसत नाही.

इथे काही मित्र २०१९ चा दाखला देतात. राहुल गांधींनी राजीनामा दिला, मग काँग्रेसचं भलं काय झालं? प्रश्न रास्त आहे. लोकसभेत ५२ जागा आल्या, महाराष्ट्रात तर एकट्या चंद्रपूरने लाज राखली. राहुल गांधींनी ३ जुलैला पत्र जाहीर केलं, त्यात पराभवाची जबाबदारी अध्यक्ष म्हणून आपली आहे असं स्वच्छ लिहिलं होतं. इथवर सगळं योग्य झालं. चूक पुढे झाली. ऑगस्टमध्ये सोनिया गांधी हंगामी अध्यक्ष झाल्या आणि ते हंगामीपण तीन वर्षांहून जास्त लांबलं. खर्गे विरुद्ध थरूर अशी खरीखुरी निवडणूक झाली ती थेट ऑक्टोबर २०२२ मध्ये. जिल्ह्यात कुणाला विचारावं, निवेदन कुणाच्या नावे द्यावं, अशी त्या पक्षाच्या खालच्या माणसाची अवस्था त्या काळात होती. ते नुकसान निवडणूक लांबवल्याचं आहे. त्याचं खापर राजीनाम्यावर फोडू नका.

आता चौथा मुद्दा, ‘हार परिस्थितीमुळे झाली.’ यावर मला जास्त बोलायचं आहे.

परिस्थिती नसते असं कोण म्हणतं? पैसा चालतो, योजनांचे हप्ते खात्यात पडतात, जातीची गणितं असतात. पण २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये परिस्थिती विरोधकांच्या बाजूनेही होती. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल आणि बाजार समितीच्या आवारात माल त्याच्या बऱ्याच खाली जात होता. गावोगाव लोक चिडलेले होते. तरी काँग्रेस २८८ पैकी १६ वर आली. पाच महिन्यांपूर्वी याच विदर्भातल्या दहापैकी सात लोकसभा जागा आघाडीने जिंकल्या होत्या. आणि त्या जूनमध्ये भाजप महाराष्ट्रात २३ वरून ९ वर आला होता, केंद्रात आणि राज्यात दोन्हीकडे सत्ता हातात असताना. परिस्थिती सगळ्यांनाच असते. तिच्यातून वाट काढण्यासाठीच नेता निवडलेला असतो.

आणि तिकिटं? नामांकनाच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत ज्याच्या हातात एबी फॉर्म (पक्षाच्या उमेदवारीचा कागद) पडतो तो अधिकृत उमेदवार. वीस वर्षं तालुका सांभाळलेला माणूस तहसीलसमोर उभा राहतो आणि फॉर्म निघतो आठ दिवसांपूर्वी पक्षात आलेल्याच्या नावाने. त्या फॉर्मवर सही वरची असते. पक्षाच्या नेतृत्वाने अधिकार दिल्याशिवाय तो कागद निघतच नाही. सही ज्यांच्या अधिकाराने झाली, जबाबदारीही त्यांच्याकडेच जाते.

खालच्या माणसाला मात्र ‘परिस्थिती’ ही सवलत कोणी देत नाही. विधानसभेनंतर आमच्या तालुक्याला एका मंगल कार्यालयात आढावा बैठक झाली. समोर टेबलावर बूथनिहाय आकड्यांची प्रिंट, ज्या बूथवर मायनस त्याला लाल पेनचा गोल. एकेकाला उभं करून विचारणं चाललं होतं : ‘कावून भाऊ, लोकसभेला लीड होती, आता मायनस कसा?’ एक साठीतले काका उभे राहिले. मतदान २० नोव्हेंबरचं, म्हणजे ऐन वेचणीचे दिवस. मजूर मिळत नव्हते, शेतात कापूस फुटलेला, आणि या माणसाने घरच्यांवर वेचणी सोपवून आठवडाभर घरोघरी मतदार पावत्या वाटल्या होत्या. ते म्हणाले, ‘हो जी, कमी पडलो मी.’ थोडं थांबून त्यांनी विचारलं, ‘पन तिकीट कोनं देल्लं जी? त्याईले कोन विचारन?’ टेबलामागच्या कोणीही उत्तर दिलं नाही. आठवड्याभरात त्या बूथवर दुसरं नाव आलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. चाळीस-पन्नास मतं कमी पडली म्हणून बूथप्रमुख बदलतो, पंधरा गावं गेली म्हणून तालुकाध्यक्ष बदलतो, आणि राज्य गेलं, देश गेला की ‘सामूहिक जबाबदारी’. जबाबदारीचा नियम एकच असावा, बूथपासून वरपर्यंत. काकांना लागू होतो तो अध्यक्षांनाही लागू व्हावा. हे म्हणणारा गद्दार असेल तर वेचणी सोडून पावत्या वाटणारे काका कोण?

‘ही इंग्रजांची पद्धत’ याला फार वेळ देत नाही. बरुआ काही इंग्रज नव्हते. २०१९ च्या पराभवानंतर महाराष्ट्रात काँग्रेसचं प्रदेशाध्यक्षपद अशोक चव्हाणांकडून बाळासाहेब थोरातांकडे गेलं. ५ जून २०२४ ला देवेंद्र फडणवीसांनी पत्रकारांसमोर पराभवाची जबाबदारी घेतली आणि सरकारमधून मोकळं करा अशी विनंती पक्षाकडे केली. वरिष्ठांनी ती मानली नाही, ते राहिले, आणि नोव्हेंबरमध्ये युती जिंकली. मेसेजवाले हे उदाहरण ‘बघा, थांबले म्हणून जिंकले’ असं सांगतात. मला त्यात वेगळं दिसतं. त्यांनी आधी चार लोकांत जबाबदारी माझी म्हटलं आणि निर्णय दुसऱ्यांवर सोपवला. एवढं तरी प्रत्येक हरलेल्या नेत्याने करावं.

इंग्रजांबद्दल मात्र एक गोष्ट खरी आहे, आणि ती लपवण्याचं मला कारण नाही. चर्चिल १९४५ ला हरले, पक्षनेते राहिले आणि १९५१ ला पुन्हा पंतप्रधान झाले. तेव्हा हरला की गेलाच पाहिजे असा दगडावरचा नियम मी मागत नाही. पण आजची रीत पाहा. ऋषी सुनक जुलै २०२४ मध्ये हरले, दुसऱ्याच दिवशी पक्षनेतेपद सोडत असल्याचं सांगितलं, आणि नवा नेता निवडला जाईपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत, काम पाहत राहिले. घर उघडं टाकून कोणी निघून गेलं नाही. कॅनडात कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या घटनेतच लिहिलं आहे की, सार्वत्रिक निवडणूक हरलेल्या नेत्याने राहावं की नाही यावर पुढच्या अधिवेशनात आलेले प्रतिनिधी मतदान करतील. ही तरतूद मला सगळ्यात आवडते. नेत्याला राहायचं असेल तर राहू द्या, पण त्याआधी माणसांना विचारा. आपल्याकडे सरपंचावरसुद्धा अविश्वास ठराव आणता येतो. पक्षाध्यक्षावर आणायचा म्हटलं तर कोणत्या दारात जायचं हे तालुक्यातल्या एकाही कार्यकर्त्याला सांगता येत नाही.

राहिला शेवटचा प्रश्न : पर्याय कोण? हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी उलट विचारतो, पर्याय दिसेल अशी जागा तुम्ही ठेवली का? २०२२ च्या खर्गे-थरूर लढतीआधी काँग्रेसमध्ये अध्यक्षपदासाठी मतदान झालं होतं ते २००० साली. दुसऱ्या पक्षांत अध्यक्ष बिनविरोधच होतात. मधल्या काळात ज्यांना पुढे यायचं होतं ते कुठून दिसणार? फेब्रुवारी २०२५ मध्ये नाना पटोलेंच्या जागी हर्षवर्धन सपकाळ प्रदेशाध्यक्ष झाले. बुलढाण्याचे, जिल्हा परिषदेतून वर आलेले. ते कसं काम करतात हा वेगळा विषय, पण महिनाभर आधी ‘पर्याय कोण’ म्हणून विचारलं असतं तर राज्यातल्या किती जणांनी त्यांचं नाव घेतलं असतं? माणूस होता, जागा मोकळी झाल्यावर तो दिसला. निकाल नोव्हेंबरचा आणि बदल फेब्रुवारीचा, हे मधले तीन महिने मात्र मला खटकतात.

हा मेसेज पुन्हा तुमच्या ग्रुपवर आला तर तो पुढे पाठवण्याआधी पुढच्या आढावा बैठकीत तीन गोष्टी लेखी मागा. आपल्या मतदारसंघाचा एबी फॉर्म कुणाच्या शिफारशीवरून निघाला. पराभवाची जबाबदारी प्रदेशात कुणी स्वीकारली आणि कोणत्या तारखेला. आणि नवा अध्यक्ष निवडताना, किंवा जुनाच ठेवताना, तालुक्यातल्या सक्रिय सभासदांना मत देता येणार की नाही. उत्तर मिळालं तर कागदावर घ्या, सही-तारखेसह, जसा १७-सी घेता तसा.