गॅस नाही म्हणून साखर वाढवू नका : जिंजर बिअरवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची तक्रार थोडक्यात अशी: माझ्या कृतीने जिंजर बिअर, म्हणजे आलं-साखर-लिंबाचं, यीस्ट या सूक्ष्मजीवाने आंबवलेलं फसफसतं पेय, केली, आठवडा उलटला तरी बाटल्यांत गॅस नाही, चव नुसत्या गोड आल्याच्या पाण्याची. बिअर करणारे बाटलीत चमचाभर साखर घालून झाकण लावतात, ही साधी युक्ती मी सांगितली नाही, आणि आता तुम्ही प्रत्येक बाटलीत दोन-दोन चमचे साखर घालणार आहात.

कृपया घालू नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचा, पण हे आधी.

बिअरचं गणित वेगळं असतं. बाटलीत भरेपर्यंत यीस्टने तिच्यातली खाण्याजोगी साखर संपवलेली असते. म्हणून भरताना मोजून साखर देतात, लिटरला साधारण 6 ते 7 ग्रॅम. 4 ग्रॅम साखर खाल्ली की अंदाजे 2 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे बिअरला हवा तेवढा फेस त्या चिमूटभर साखरेतून मिळतो. आपल्या जिंजर बिअरमध्ये लिटरला 80 ते 100 ग्रॅम साखर पहिल्यापासूनच आहे. ती सगळी बंद बाटलीत आंबली तर लिटरमागे 40 ते 50 ग्रॅम वायू होईल, आणि तेवढा दाब काचेची कुठलीच घरगुती बाटली सोसत नाही. तुमचं पेय गोड लागतंय, म्हणजे साखर तशीच पडून आहे. कमी आहे ते खाणारं यीस्ट, किंवा त्याला हवी असलेली ऊब.

तुम्ही लिहिलंय की बाटल्या उत्तरेकडच्या गॅलरीत आहेत. जानेवारीत पुण्यात रात्रीचा पारा 10-12 अंशांवर उतरतो. या दिवसांत इडलीचं पीठ जिथे फुगत नाही, तिथे जिंजर बिअरही फुगणार नाही. बाटल्या घरात आणा, फ्रीजच्या मागच्या उबेला ठेवा, प्रत्येक बाटली एकदा हलकेच उलटी करा म्हणजे तळाशी बसलेलं यीस्ट वर येईल. दोन-तीन दिवस थांबा. आणि रोज झाकण उघडून बघणं थांबवा. प्रत्येक वेळी मानेत साठलेला वायू निघून जातो आणि बाटली पुन्हा शून्यापासून सुरू होते.

गॅस कळायला उघडावं लागत नाहीच. म्हणूनच मी दर वेळी एक तरी बाटली प्लास्टिकची भरते. मात्र ती सोड्याची किंवा कोल्ड्रिंकची हवी, तळाला पाच पाकळ्या असलेली, कारण तो तळ दाब सोसण्यासाठीच तसा घडवलेला असतो. पिण्याच्या पाण्याची पातळ बाटली चालत नाही. भरल्या दिवशी ही बाटली बोटाखाली दबते. अंगठ्याने जोर लावूनही दबेनाशी झाली की सगळ्या बाटल्या लगेच फ्रीजमध्ये. थंडीत यीस्ट मंदावतं आणि वायू द्रवात नीट विरघळतो. निदान एक रात्र थंड केल्याशिवाय उघडू नका, नाहीतर असलेला गॅसही भसकन निघून जाईल.

ऊब देऊनही बाटली मऊच राहिली तर एक उघडून चव घ्या. गोडच असेल तर यीस्ट मेलेलं किंवा फार अशक्त आहे. आल्याचा पाक कडकडीत असतानाच विरजण (पेय आंबवायला घालतो ते यीस्टचं मिश्रण) घातलं असेल, तर तिथेच ते संपलं. पाक हाताला जेमतेम कोमट लागला पाहिजे. लिंबाऐवजी बाटलीतला तयार रस वापरला असेल तर लेबल वाचा. त्यात बहुधा प्रिझर्व्हेटिव्ह असतं आणि त्याचं कामच यीस्टला वाढू न देणं आहे. नळाच्या पाण्यातलं क्लोरिनही विरजणाला सोसत नाही, पाणी उकळून गार करून घ्यावं. चूक फक्त गरम पाकाची असेल तर बुडबुडे येत असलेलं ताजं विरजण बाटलीमागे दोन चमचे घाला, बाटल्या पुन्हा उबेला ठेवा. प्रिझर्व्हेटिव्हवालं पेय मात्र तसंच पिऊन टाका, त्याला सुधारता येत नाही.

चव आंबटसर, कोरडी लागली तर गोष्ट उलटी. साखर खाल्ली गेली, वायूही झाला आणि झाकणातून निसटला. तारेच्या खटक्याने झाकण बसणाऱ्या बाटलीची रबरी चकती बोटाने वाकवून पाहा. कडक झाली असेल, भेगा दिसत असतील तर बदला. फक्त अशाच वेळी, नव्या चकतीसह, 750 मिलीच्या बाटलीत 5 ग्रॅम साखर घालावी. काट्यावर मोजून, चमच्याच्या अंदाजाने नाही. आणि या बाटलीत मद्यार्क जास्त असणार, ती मुलांना देऊ नका.

तुमच्या दुसऱ्या सूचनेबद्दल, म्हणजे खायचा सोडा: लिंबाशी मिळून तो फसफसतो खरा, पण झाकण लावेपर्यंत बराचसा वायू उडून जातो आणि खारट चव मागे राहते.

मला खरी काळजी पुढच्या दोन महिन्यांची वाटते. आज गॅस नाही म्हणून या गोड बाटल्या गॅलरीत तशाच राहिल्या, तर मार्च-एप्रिलच्या उन्हात उरलेसुरले यीस्ट जागं होईल आणि 80 ग्रॅम साखर त्याच्या समोर असेल. चौकोनी काचेच्या बाटल्या असतील तर आजच रिकाम्या करा, त्या कोपऱ्यांतून फुटतात. बाकीच्या बाटल्या झाकण असलेल्या खोक्यात ठेवा, उघडताना वर जाड टॉवेल धरा.

दोन-तीन दिवसांनी बाटली कशी लागते ते कळवा. सोबत झाकण कोणतं होतं आणि लिंबू ताजं की बाटलीतलं, तेही लिहा.