मावशी, त्या कॅप्सूल आधी बंद कर

परवा मावशीचा फोन आला. थायरॉइडच्या कर्करोगामुळे तिची ग्रंथी काढली आहे. गळ्यात उरलेल्या पेशी मारायला पुढच्या आठवड्यात तिला किरणोत्सर्गी आयोडीन, म्हणजे आयोडीन-१३१, घ्यायचं आहे. "अगं, ते घेतलं की माणूस जन्मभर किरणोत्सर्गी राहतो म्हणे," असं म्हणून तिने मला एक मेसेज पाठवला. हाच मेसेज गेल्या महिन्यात मला आणखी दोन ठिकाणांहून आला होता आणि मी तो न वाचता पुसला होता. या वेळी वाचला. त्यातला शेवटचा मुद्दा सगळ्यात घातक आहे, म्हणून तोच आधी घेते.

"उपचाराआधी दहा दिवस समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल घ्या, आयोडीनचं कवच मिळतं. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते."

मावशी तीन दिवसांपासून त्या घेत होती!

संघटना आयोडीन घ्यायला सांगते ते अणुअपघातात, तेही शेवाळ नव्हे. तिच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना वाचा. प्रौढाला १३० मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइड द्यायचं, आणि तेही शक्यतो किरणोत्सर्गी आयोडीनशी संपर्क येण्याच्या आधीच्या २४ तासांत किंवा नंतरच्या २ तासांत. ग्रंथी साध्या आयोडीनने गच्च भरली की मागून येणाऱ्या किरणोत्सर्गी आयोडीनला जागाच उरत नाही. अपघातात हेच हवं असतं, उपचारात हेच नको असतं. मावशीच्या गळ्यातल्या पेशी आयोडीनला हपापलेल्या हव्यात. म्हणून तर ती आठवडाभर आयोडीन नसलेलं मीठ खातेय आणि दिवसाला ५० मायक्रोग्रॅमच्या आत राहायची धडपड करतेय.

आता आकडे बघा. ३० मिलिक्युरीच्या (मिलिक्युरी हे किरणोत्सर्गाचं माप) मात्रेत आयोडीन-१३१ किती असतं? वजनाने जेमतेम पाव मायक्रोग्रॅम. मावशीच्या डबीवर एका कॅप्सूलमध्ये २२५ मायक्रोग्रॅम आयोडीन लिहिलंय, म्हणजे जवळजवळ नऊशे पट. पेशीला साधं आयोडीन (आयोडीन-१२७) आणि किरणोत्सर्गी १३१ यांतला फरक कळत नाही, रसायन एकच. जे जास्त, त्यानेच जागा अडते. हे कवच रुग्णाला नाही, कर्करोगाला मिळतं.

बाकीचे मुद्दे. "जन्मभर किरणोत्सर्गी": आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य ८ दिवसांचं, म्हणजे दर ८ दिवसांनी ते निम्मं होतं. शरीरातून काहीच बाहेर पडलं नाही असं धरलं तरी ८० दिवसांत हजारावा भागही उरत नाही. आणि प्रत्यक्षात बरंचसं पहिल्या दोन दिवसांतच लघवीवाटे निघून जातं.

"अणुभट्टीतला कचरा": अणुभट्टीत तयार होतं, एवढं खरं. टेल्यूरियमवर न्यूट्रॉनांचा मारा करून ते मुद्दाम बनवतात, किंवा युरेनियमच्या विखंडनातून वेगळं काढतात. पण जुन्या कचऱ्यात ते सापडणार कसं? आठ दिवसांत निम्मं होणारी वस्तू साठवून ठेवता येत नाही, सतत ताजी बनवावी लागते.

"शेजारी बसणाराही किरणोत्सर्गी होतो": नाही होत. गळ्यातून बाहेर पडणारे गॅमा किरण समोरच्याला किरणोत्सर्गी बनवत नाहीत. मात्र थुंकी, घाम, लघवी यांतून आयोडीन दुसऱ्यापर्यंत जाऊ शकतं, आणि जवळ बसणाऱ्याला थोडे किरण लागतातच. म्हणून काही दिवस मुलांपासून आणि गरोदर बायकांपासून लांब राहायचं, वेगळं झोपायचं. अंतर दुप्पट केलं की किरणांची तीव्रता साधारण चौथाईवर येते. या काळजीचाच मेसेजवाल्याने बागुलबुवा केलाय.

"केस गळतात": ही केमोथेरपीशी केलेली गल्लत आहे. तोंड कोरडं पडतं, हे मात्र मान्य. लाळग्रंथीही आयोडीन ओढतात, काहींना ते बराच काळ त्रास देतं. डॉक्टर हे आधीच सांगतात.

मावशीने काल न्यूक्लिअर मेडिसिन विभागात फोन करून कॅप्सूलबद्दल सगळं सांगितलं. त्यांनी लघवीतल्या आयोडीनची तपासणी करायला सांगितली आहे आणि उपचाराची तारीख पुढे ढकलली आहे. आयोडीन नसलेलं मीठ आता तिला आणखी काही आठवडे खावं लागणार आहे.