ठाण्याचे ज्यू ‘बाहेरचे’ नाहीत

‘महाराष्ट्रातले ज्यू सगळे इस्रायलला गेले, त्यांची सिनेगॉग (प्रार्थनास्थळं) रिकामी पडली आणि ठाण्यात हल्ली दिसतात ते बाहेरून आलेले’, असा मजकूर व्हॉट्सॲपवर सर्रास फिरतो. तीन विधानं, आणि तिन्हींत घोळ.

‘सगळे गेले.’ बहुतेक गेले, हे मान्य. १९५१ च्या जनगणनेत देशात सव्वीस हजारांवर ज्यू होते, २०११ मध्ये ४,६५०. पण त्यांतले २,४६६ महाराष्ट्रातच होते. जे राहिले ते इथेच राहायचं ठरवून राहिले.

‘बाहेरून आलेले.’ हे वाचून खरंच वाईट वाटतं. टेंभी नाक्याजवळचं शाआर हाशामाईम सिनेगॉग १८७९ चं आहे. ठाण्यात वस्ती वाढली ती डोंगरी, उमरखाडी, भायखळ्यातल्या चाळींमधून माणसं आली म्हणून. मुंबईत जागा परवडेना, ठाण्यात दोन खोल्या जास्त मिळत होत्या आणि लोकल होतीच. गिरगाव-लालबागची कुटुंबं डोंबिवलीला गेली, तसेच हे आले. आणि मुंबईच्या आधी? पेणकर, रोहेकर, नवगावकर, दिवेकर, किहीमकर ही बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंची, आडनावं वाचा. रायगडचा नकाशा समोर उभा राहतो. घाणा चालवून तेल काढणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून कोकण त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणायचं. घरात मराठी, प्रार्थनेत हिब्रू. यांना परकं ठरवायचं तर आपलं कोण उरतं?

‘सिनेगॉग रिकामी.’ कोकणातल्या काही गावांबाबत हे खरं आहे, आणि त्याचं कारण साधं आहे: सामूहिक प्रार्थनेला परंपरेनुसार दहा प्रौढ पुरुष लागतात. गावात तेवढे उरले नाहीत की प्रार्थना थांबते. म्हणूनच तर लोक एकत्र, सिनेगॉगच्या आसपास राहायला बघतात, आणि ठाणे परिसर आज देशातल्या सर्वांत मोठ्या ज्यू वस्तीचं ठिकाण झाला आहे. इथल्या घरांत आजही लग्नाआधी, नव्या घरात पाऊल ठेवताना, नवस फेडताना मलिदा होतो. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची. ताटात भोवती फळं. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव घेऊन प्रार्थना म्हणतात, मग तो सगळ्यांना वाटतात. राज्य सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तो याच नांदत्या घरांना.