झाडून-पुसून देतो म्हणे

“शेवटी झाडून-पुसून देतो हो, ते आमच्याकडे लागलं.” ठेकेदाराच्या तोंडून हे वाक्य आलं की मी समजून जाते, सफाईसाठी ना माणूस ठरलाय, ना दिवस. बांधकाम उरकल्यावर इमारत राहण्याजोगी करून देणं हा माझा धंदा आहे. अकरा वर्षं झाली. त्यामुळे थोडं चिडून लिहितेय, चालवून घ्या.

वेळापत्रक दरवेळी एकाच पद्धतीने कोसळतं. गवंड्याला आठ दिवस जास्त लागले म्हणून फरशीवाला उशिरा आला, तो उशिरा म्हणून सुतार उशिरा, आणि रंगाचा दुसरा हात कालपर्यंत चालूच होता. ताबा द्यायची तारीख मात्र जागची हलत नाही. सगळ्यांच्या उशिराचं बिल शेवटच्या माणसावर फाटतं, आणि शेवटची माणसं म्हणजे आम्ही. चार दिवसांचं काम एका दिवसात उरका, तेही सुतार दारात बसून बिजागऱ्यांसाठी खाचा मारत असताना आणि भुसा आमच्या ओल्या फरशीवर पडत असताना.

माझं म्हणणं एवढंच आहे की सफाई हे प्लंबिंग-वायरिंगसारखंच एक स्वतंत्र काम आहे. करारात त्याची वेगळी ओळ हवी, त्याला स्वतःचे दिवस हवेत, आणि त्या दिवसांत आत दुसरा कारागीर नको. राडारोडा गोण्यांत भरून खाली नेला म्हणजे सफाई झाली असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा कुठल्याही नव्या दाराच्या वरच्या कडेवरून बोट फिरवून बघावं.

धुळीचं सांगते. ताबा मिळाल्यावर तिसऱ्या दिवशी हमखास फोन येतो, “तुम्ही नीट पुसलंच नाही, सगळीकडे परत पांढरं झालंय.” आधी मला फार लागायचं हे. मग एकदा बसून समजून घेतलं. दगड किंवा टाइल कापताना उडालेला 10 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण छतापासून जमिनीवर यायला पाचेक मिनिटं घेतो. तोच कण 1 मायक्रॉनचा असेल, तर हवा अगदी स्तब्ध असली तरी त्याला सात-आठ तास लागतात. आणि घरातली हवा स्तब्ध असते कधी? कुणी चाललं, दार उघडलं, पंखा लावला की तो पुन्हा वर. म्हणजे संध्याकाळी आम्ही फडकी पिळून निघतो तेव्हा उद्याची धूळ आमच्या डोक्यावरच तरंगत असते. म्हणून एक पूर्ण सफाई, मग दारं-खिडक्या लावून एक दिवस जागा सोडून द्यायची, आणि मग दुसरी. रंगाला दोन हात लागतात हे सगळ्यांना पटतं. सफाईला दोन लागतात म्हटलं की लगेच “एकात नाही का होणार?”

आणि ही नुसती दिसण्याची गोष्ट नाही. काँक्रीट, ग्रॅनाइट, टाइल यांच्या धुळीत स्फटिकी सिलिका असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1997 साली तिला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. याच धुळीने होणारा फुफ्फुसांचा सिलिकोसिस तर फार जुना आजार, खाणकामगारांचा म्हणून ओळखला जाणारा. अमेरिकेत 2016 साली नवा नियम आला, त्यात कामगारासाठी मर्यादा ठेवली आहे ती 8 तासांच्या सरासरीने एका घनमीटर हवेत 50 मायक्रोग्रॅम. मिठाचा एक बारीक कण साधारण तेवढ्याच वजनाचा भरतो. आता डोळ्यांसमोर आणा, बंद खोलीत कुणीतरी कोरडा खराटा सपासप मारतंय आणि तोंडाला पदराचं टोक लावलंय. पदराने नाकात केस जात नाहीत, एवढंच. ही धूळ सरळ आरपार जाते.

आमच्याकडे एक मावशी आहेत, माझ्याआधीपासून या कामात. पहिल्यांदा त्यांना मास्क दिला तेव्हा म्हणाल्या, “अगं, इतकी वर्षं खाल्लीच की धूळ, आता काय राहिलंय!” मी त्या दिवशी खराटाच साइटवरून हद्दपार केला. आधी व्हॅक्यूम, तोही हेपा फिल्टरचा, जो 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो. घरातला साधा व्हॅक्यूम इथे लावू नका, तो पुढून ओढतो आणि बारीक धूळ मागून पुन्हा खोलीत सोडतो. व्हॅक्यूमनंतर ओलसर मायक्रोफायबरचं फडकं. ओलसर म्हणतेय, ओलं नाही. पुट्टीच्या आणि पीओपीच्या धुळीवर बादलीभर पाणी ओतलं की तिचा राबडा होतो, तो टाइलच्या सांध्यांत जाऊन बसतो, आणि वाळला की फरशीवर ढग उमटतात. मावशी आता नव्या पोरींना हेच शिकवतात, माझ्यापेक्षा जास्त दरडावून.

क्रम वरून खाली. छत, पंख्याची पाती, लाइटच्या खाचा, दारांच्या वरच्या कडा, कपाटांचे माथे, खिडक्या, स्विचबोर्ड, स्कर्टिंग आणि सगळ्यात शेवटी जमीन. यात सांगण्यासारखं काही नाही, पण दर दुसऱ्या साइटवर कुणीतरी आधी जमीन चकाचक करून ठेवलेली असते. एसीही सफाई होईपर्यंत लावू नये, नाहीतर तो हीच धूळ पोटात घेऊन बसतो.

खरं नुकसान धुळीने होत नाही, घाईने होतं. एका घरात आम्ही पोहोचायच्या आदल्या दिवशी ठेकेदाराच्या पोरांनी “जरा डाग काढून ठेवतो” म्हणून हॉलच्या संगमरवरावर ॲसिड ओतलं होतं. सिमेंटचे डाग ॲसिडने जातात, खरंय. पण संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर ॲसिड पडलं की जे फसफसतं ना, तो मळ निघत नसतो, दगडच विरघळत असतो. मी गेले तेव्हा डाग गेले होते. त्यांच्या जागी घमेल्याएवढी निस्तेज वर्तुळं होती, हात फिरवला तर खरखरीत लागणारी. जमिनीलगत टॉर्च आडवा धरला आणि मालकीणबाईंना दाखवलं. त्या काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या उकिडव्या बसून एकेका वर्तुळावरून बोट फिरवत राहिल्या. पुन्हा घासून पॉलिश करण्यावाचून इलाज नव्हता. त्याच ॲसिडच्या वाफेने बाथरूममधल्या कोऱ्या नळांवर तांबूस ठिपकेही आले होते. वर कुणीतरी “जंतू मरतील” म्हणून तिथेच ब्लीच ओतणार होतं. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो. वेळेत बाटली हातातून घेतली म्हणून बरं.

व्हिनेगर “घरगुती आहे, चालेल” असंही सुचवलं जातं. संगमरवरावर तेही ॲसिडच.

काचेचं तर माझ्या हातूनच झालंय. सुरुवातीच्या वर्षांत रंगाचे शिंतोडे मी बिनधास्त ब्लेडने खरवडायचे. साध्या काचेवर, काच ओली ठेवून, ते जमतंही. मग एका मोठ्या बाल्कनीच्या दारावर हात मारला आणि दुसऱ्या दिवशी उन्हात बघितलं तर मांजराने ओरबाडल्यासारख्या रेघा. ती टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली काच होती. भट्टीत तापवताना कधीकधी काचेचीच बारीक कणी तिच्या पृष्ठभागावर चिकटून राहते. ब्लेड ती कणी उखडतं आणि तिलाच पुढे ओढत नेतं. काच भरून द्यावी लागली, तीही मीच दिली. तेव्हापासून कोपऱ्यातला शिक्का वाचल्याशिवाय ब्लेड बाहेर काढत नाही. त्याहून चांगलं म्हणजे रंगाऱ्याने काच आधीच झाकणं, पण काम संपल्या संपल्या ते झाकण काढणंही. खिडकीच्या चौकटीवरची प्लॅस्टिकची पट्टी महिनोन्‌महिने उन्हात राहिली की तिचा गोंद भाजून बसतो आणि ती तुकड्या-तुकड्याने निघते. एकेका खिडकीला अर्धा दिवस घालवलाय आम्ही नखांनी.

आता नहाणी ट्रॅप, म्हणजे बाथरूमच्या जमिनीतल्या जाळीखालची, पाणी साठून राहणारी वाटी. गवंडी संध्याकाळी घमेलं, थापी, बादली कुठे धुतो? बाथरूममध्ये. ते सिमेंटचं पाणी जातं कुठे? लोकांना वाटतं, पाइपात पाणी असतंच, तिथे सिमेंट घट्ट कसं होईल? पण सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी त्याची क्रिया होऊन घट्ट होतं. पाण्याखाली तर ते आरामात आवळतं. एकदा ट्रॅपमधून मी आख्खी वाटी काढली होती, ट्रॅपच्याच आकाराची, जणू साच्यातून ओतलेली. तिच्यात एक स्क्रू आणि विडीचं थोटुक. त्यानंतर काम सुरू होण्याआधीच ठेकेदाराला सांगते, सगळ्या नहाण्यांची तोंडं बंद करा आणि हत्यारं धुवायला बाहेर पिंप ठेवा. दहातले दोन ऐकतात. ओलं सिमेंट हाताळताना हातमोजे घाला, हेही तेवढेच ऐकतात. त्याचा पीएच 12 च्या वर असतो, म्हणजे ते तीव्र अल्कली असतं, कातडी भाजते आणि सुरुवातीला दुखतही नाही.

ताबा घेणाऱ्यांना एक सांगेन. दिवसाउजेडी जाऊ नका, किंवा जा, पण अंधार पडल्यावरही एकदा जा. टॉर्च भिंतीला आणि जमिनीला चिकटवून आडवा मारा. प्रत्येक नळ पाच मिनिटं सोडून पाणी कुठे तुंबतं बघा, पण त्याआधी नळाच्या तोंडाची जाळी काढा, आत वाळू असते. सरकत्या खिडकीचा ट्रॅक बघा. तिथे सिमेंटचा खडा राहिला तर चाकं झिजतात आणि पुढच्या वर्षी खिडकीवाल्याला शिव्या बसतात.

हे लिहितेय तोवर फोन येऊन गेला. उद्याच्या साइटचा सुपरवायझर होता. “मॅडम, सगळं रेडी आहे, तुम्ही सकाळी आठला या.” मागे कटर चालू होता.